वय व्हॅनचे, कसोटी विश्वासाची

गुहागर - उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्री नदीची जयगड खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या गुहागर तालुक्याचा उर्वरित जगाशी असलेला जमिनीवरील मुख्य संबंध चिपळूणच्या रस्त्यावर अवलंबून आहे. कोकण रेल्वेचे स्थानक चिपळुणात, मोठी बाजारपेठ चिपळुणात आणि गंभीर रुग्णाला न्यायचे तर चिपळूण किंवा त्याही पुढे डेरवण. हे अंतर गुहागर शहरापासून सुमारे 45 किलोमीटर आहे. तवसाळ, हेदवी, वेळणेश्वरसारख्या किनाऱ्यावरील गावांना त्यात आणखी भर घालावी लागते. 2003 पासून धोपावे-दाभोळ फेरीबोट सुरू झाली आणि पुढे तवसाळ-जयगड मार्गाचीही सोय झाली. परंतु फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत पोचण्यासाठीही वाहन लागतेच.

हे वाहन बहुतेक वेळा नवेकोरे नसते. दहा, पंधरा, कधी वीस वर्षे वापरलेली व्हॅन गावातील एखाद्या अंगणात उभी असते आणि ती नावापुरतीच एका कुटुंबाच्या मालकीची असते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, पावसाळ्यानंतर मासळीचे क्रेट, गणपतीला चाकरमान्यांचे सामान आणि रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा छातीत दुखू लागलेला वृद्ध, हे सारे तिच्यातूनच वाहिले जाते. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 या काळातील एसटी संपात ग्रामीण भागाला अशा खासगी वाहनांनीच सावरले. त्यामुळे जुनी व्हॅन नीट राखणे हा केवळ घरगुती काटकसरीचा प्रश्न राहत नाही. तो तालुक्याच्या दळणवळणाचा आणि प्रसंगी जीविताचाही प्रश्न ठरतो.

गेल्या काही वर्षांत शासनाने जुन्या वाहनांबाबत अनेक निर्णय घेतले. या निर्णयांचा बहुतांश रोख वाहनाच्या वयावर आहे. प्रत्यक्षात व्हॅन सुरक्षित आहे की नाही, हे तिच्या वयापेक्षा तिची देखभाल कोण, कशी आणि किती प्रामाणिकपणे करतो यावर ठरते. या दुसऱ्या बाजूकडे मात्र धोरणाचे आणि मालकांचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पंधरा वर्षांचा गैरसमज

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात काढावीच लागते, असा समज ग्रामीण भागात सर्रास आढळतो. दिल्ली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर घातलेल्या निर्बंधांच्या बातम्यांमुळे तो अधिक पक्का झाला. वस्तुस्थिती वेगळी आहे. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणीत वाहन योग्य ठरल्यास ती दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. भाड्याने चालणाऱ्या व्यावसायिक वाहनांना आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचे आणि त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

शुल्क मात्र वाढले आहे. खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणासाठी पूर्वी 600 रुपये पडत. 1 एप्रिल 2022 पासून ते 5 हजार रुपये झाले. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी हे शुल्क 10 हजार रुपये केले. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केल्यास दरमहा 500 रुपये विलंब शुल्क वेगळे. राज्याचा पर्यावरण करही भरावा लागतो. मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येत असल्याने दंडाची वेळ टाळणे मालकाच्या हाती आहे.

कोकणातील रस्त्यांवर सर्वाधिक दिसणारी व्हॅन म्हणजे मारुतीची ओम्नी. 1984 मध्ये 'मारुती व्हॅन' या नावाने आलेल्या आणि 1988 मध्ये ओम्नी झालेल्या या वाहनाचे उत्पादन 2019 मध्ये थांबले. म्हणजे सर्वांत नव्या ओम्नीलाही आता काही वर्षे लोटली आहेत. 2005 वा त्यापूर्वीच्या ओम्नी 10 हजार रुपयांच्या गटात गेल्या आहेत. 2010 मध्ये बाजारात आलेल्या ईको व्हॅनच्या पहिल्या गाड्यांनी 2025 मध्ये पंधरा वर्षे पूर्ण केली. साहजिकच येत्या काही वर्षांत 'ठेवायची की काढायची' हा प्रश्न अनेक घरांत उभा राहणार आहे.

नूतनीकरणाचे 10 हजार रुपये पाच वर्षांत विभागले तर वर्षाला 2 हजार रुपये होतात. नवी व्हॅन पाच लाख रुपयांच्या पुढे जाते. केवळ शुल्काच्या हिशेबाने जुनी गाडी परवडते, यात शंका नाही. खरा खर्च दुरुस्तीचा आहे. तेथेच मालकाचा हिशेब चुकतो, कारण काय बिघडले आहे आणि त्याला किती खर्च येणे रास्त आहे, हे त्याला स्वतःला ठाऊक नसते.

समुद्र, पाऊस आणि चढ-उतार

घाटमाथ्यावरील आणि किनाऱ्यावरील व्हॅन एकाच वर्षी विकत घेतलेल्या असल्या तरी त्यांचे म्हातारपण सारखे नसते. गुहागरच्या हवेत मीठ आहे. जून ते सप्टेंबर हा काळ संततधारेचा. जांभ्याच्या रस्त्यांवरील तांबडी माती पावसात चिखल होऊन गाडीच्या तळाला चिकटते आणि ओलावा धरून ठेवते. त्यातच मासळीच्या क्रेटमधून गळणारे बर्फाचे खारे पाणी पायाखालच्या रबरी मॅटखाली झिरपते. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचा तळ आतून कुजलेला निघतो, तो यामुळेच.

यावरचा उपाय महागडा नाही. किनाऱ्यावर किंवा धक्क्यावर गाडी नेल्यानंतर तळ गोड्या पाण्याने धुणे, मासळी वाहिल्यानंतर मॅट उचलून पत्रा कोरडा करणे, दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निचरा होण्यासाठी ठेवलेली छिद्रे मोकळी ठेवणे आणि सरकत्या दरवाजाच्या पट्टीत साचलेली रेती काढून वंगण देणे, ही कामे घरीही होऊ शकतात. पावसाळ्यापूर्वी तळाला गंजरोधक लेप द्यावा. मात्र आधीचा गंज खरवडून काढल्याशिवाय वरून लेप मारला तर ओलावा आतच कोंडतो आणि पत्रा अधिक वेगाने सडतो. लेप मारण्यापूर्वी तळ पाहण्याचा आग्रह मालकाने धरावा, तो याचसाठी.

चिपळूणचा रस्ता वळणांचा आणि चढ-उतारांचा आहे. पुढे कऱ्हाडकडे जायचे तर कुंभार्ली घाट ओलांडावा लागतो. अशा मार्गांवर ब्रेक हा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर ब्रेक तापल्यानंतर पेडल अचानक मऊ लागते. कोकणाच्या दमट हवेत दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलणे ही चैन नव्हे. त्याबरोबरच ब्रेक लायनर, चाकाजवळचे रबरी पाइप आणि हॅन्डब्रेकची केबल तपासून घेणे आवश्यक असते.

ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली आहे. त्यामुळे कुलंटची गळती किंवा ऑईलची पातळी पाहण्यासाठी आसन उचलावे लागते आणि नेमके हेच टाळले जाते. कुलंटऐवजी विहिरीचे पाणी भरत राहिल्यास रेडिएटर आतून गंजतो व चुना धरतो. इंजिन तापून गॅसकेट जाण्याची सुरुवात बहुधा येथूनच होते. टायमिंग बेल्ट हा असाच दुर्लक्षित भाग. वाहनासोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरानंतर तो बदलला नाही तर कोणतीही पूर्वसूचना न देता तुटू शकतो. टायरच्या बाबतीत केवळ नक्षी पाहून भागत नाही. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतील पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ 2319 म्हणजे 2019 सालातील तेविसावा आठवडा. कमी धावणाऱ्या गावातील व्हॅनचे टायर झिजण्याआधीच कडक होऊन त्यांना भेगा पडतात.

इथेनॉलची नवी चिंता

20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची यात भर पडली आहे. एप्रिल 2023 पासून या इंधनाला अनुरूप घटक असलेली वाहने बाजारात येऊ लागली आणि 2025 मध्ये देशाने 20 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गॅसकेट मात्र या इंधनासाठी बनलेले नव्हते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मधील खुलाशात इंजिनाला मोठे नुकसान होत असल्याचा दावा फेटाळला. परंतु काही जुन्या वाहनांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅसकेट बदलावे लागू शकतात, हे त्याच खुलाशात मान्य करण्यात आले.

इथेनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या व्हॅनच्या टाकीत तळाशी पाणी साचण्याचा धोका त्यामुळे वाढतो. टाकी अगदी रिकामी न ठेवणे, गाडी अधूनमधून चालवणे आणि पेट्रोलचे पाइप वर्षातून एकदा हाताने दाबून, वाकवून पाहणे एवढी दक्षता पुरेशी आहे. पाइप चिकट किंवा भेगाळलेला असेल तर तो त्वरित बदलावा. आसनाखाली गरम इंजिन असलेल्या गाडीत पेट्रोलची बारीक गळतीही आगीला निमंत्रण ठरते. याच कारणाने घरगुती गॅसचे सिलिंडर लावून व्हॅन चालवण्याचा प्रकार केवळ बेकायदा नाही, तर जीवघेणा आहे.

गॅरेज कोणते निवडावे?

कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र गाठण्यासाठी तालुक्याबाहेर जायचे तर दिवस मोडतो. तेथे जुन्या गाडीच्या सुट्या कामापेक्षा अख्खा भाग बदलण्यावर भर असतो. याउलट शृंगारतळी, आबलोली किंवा गुहागरच्या नाक्यावरील मिस्त्री जवळ असतो, ओळखीचा असतो, उधारीही ठेवतो आणि रात्री दूरध्वनी केला तर रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपर्यंत येतो. त्याचे हे महत्त्व कोणत्याही सेवा केंद्राला भरून काढता येणार नाही. ओम्नीचे इंजिन मूलतः मारुती 800 च्याच घराण्यातील असल्याने त्याची दुरुस्ती जाणणारे हात गावोगाव आहेत, ही जमेची बाजू.

सुटे भाग खुल्या बाजारात मिळणे यासाठी कळीचे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध न करण्याच्या प्रथेबद्दलच. कंपन्यांनी त्या आदेशाला पुढे आव्हान दिले, तरी स्वतंत्र मिस्त्री हा बाजारातील कायदेशीर आणि आवश्यक घटक आहे, ही भूमिका त्यातून अधोरेखित झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या संकल्पनेसाठी समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटार वाहनांचाही समावेश होता. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट 18 टक्के झाला. पूर्वी बहुतेक भागांवर तो 28 टक्के होता. त्यामुळे 'अस्सल माल परवडत नाही' या सबबीचा जोर थोडा कमी व्हायला हवा.

तरीही अविश्वास आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. मालकाला वाटते, जुनाच भाग पुसून परत बसवला, नकली ब्रेक लायनर लावून अस्सलचे पैसे घेतले. मिस्त्रीला वाटते, गिऱ्हाईक अर्धे काम करून घेते, स्वस्त माल लावण्याचा आग्रह धरते, पैसे शिमग्याला देतो म्हणते आणि नंतर बिघाडाचे खापर आपल्यावर फोडते. दोघांच्याही तक्रारीत तथ्य असू शकते. दोघांकडेही कागद नसतो, ही खरी अडचण.

कागदाची किंमत

'ओळखीतला माणूस, त्याच्याकडे पावती काय मागायची' हा संकोच कोकणात विशेष आढळतो. पण पावती म्हणजे अविश्वास नव्हे. ओळख टिकवायची असेल तर पावतीच उपयोगी पडते. काम सुरू करण्यापूर्वी काय करायचे आणि अंदाजे किती खर्च येईल हे साध्या कागदावर किंवा मोबाइलच्या संदेशात लिहून घ्यावे. काम वाढल्यास आधी विचारावे, असे ठरवावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. नव्या भागाचे वेष्टन पाहावे. शेवटी तारीख, किलोमीटर, भागांची आणि मजुरीची वेगवेगळी रक्कम असलेले बिल घ्यावे. वार्षिक उलाढाल मर्यादेपेक्षा कमी असलेल्या गॅरेजला जीएसटी नोंदणी नसेल, पण साधी पावती देण्यास त्यामुळे काहीच आडकाठी येत नाही.

नवे गॅरेज पारखताना प्रथमच इंजिनकामासारखे मोठे काम देऊ नये. ऑईल बदलणे, ब्रेक साफ करणे अशा लहान कामापासून सुरुवात करावी. बिघाड दाखवल्यावर मिस्त्री आधी गाडी चालवून पाहतो, प्रश्न विचारतो की लगेच भागांची यादी सांगतो, यावरून बरेच कळते. 'हे काम माझे नाही, अमक्याकडे न्या' असे सांगणारा मिस्त्री सहसा विश्वासाचा असतो. मोठ्या खर्चाचे काम निघाले तर दुसऱ्या ठिकाणी दाखवून खात्री करणे यात अपमान मानण्याचे कारण नाही.

कायदाही दोघांचे हित पाहतो. भारतीय करार कायद्याच्या कलम 151 नुसार ताब्यात दिलेल्या वाहनाची वाजवी काळजी घेणे गॅरेजवर बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या कलम 170 नुसार केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क मिस्त्रीला आहे. हा हक्क त्या कामापुरता आहे, मागील वेगळ्या उधारीसाठी गाडी अडवता येत नाही. सदोष दुरुस्तीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तडजोडीचा प्रयत्न करता येतो. परंतु बिल नसेल तर या साऱ्या तरतुदी कागदावरच राहतात.

महापुराचा धडा

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा आपत्तीनंतर पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून जुन्या बाजारात येतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. जुनी व्हॅन विकत घेताना आसनाच्या पट्ट्या पूर्ण ओढून त्यावर चिखलाची रेषा आहे का, मॅटखाली व दिव्यांच्या आत गाळ आहे का, वायरच्या जोडांवर हिरवट थर आहे का, हे पाहावे. येथेही मागील मालकाची बिले सर्वांत खरी साक्ष देतात. बिलांची जाडजूड फाइल असलेली पंधरा वर्षांची व्हॅन ही कागद नसलेल्या आठ वर्षांच्या व्हॅनपेक्षा अनेकदा चांगला सौदा ठरतो.

थांबायचे कधी?

देखभालीचा आग्रह म्हणजे प्रत्येक जुनी गाडी चालवत राहण्याचा आग्रह नव्हे. ओम्नीत चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी अगदी पुढे बसतात, समोर धडक झेलणारे इंजिन नाही, एअरबॅग नाही. अपघात सुरक्षेचे नवे निकष लागू होण्याच्या सुमारासच हे वाहन बंद झाले. उत्तम देखभालीनेही ही उणीव भरून निघत नाही. म्हणून वेग आणि भार मर्यादेत ठेवणे हा देखभालीचाच भाग मानला पाहिजे. परवान्याविना भाड्याने माणसे वाहिल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो, याचाही विसर पडता कामा नये.

चासीचे मुख्य भाग, पाटे जोडण्याच्या जागा किंवा आसन-पट्ट्यांचे आधार कुजले असतील, तर ठिगळ लावून गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे आहे. नोंदणीकृत भंगार केंद्रात वाहन जमा केल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी वाहनाच्या करात 25 टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राने केली आहे. एप्रिल 2023 पासून शासकीय मालकीच्या 15 वर्षांवरील वाहनांची नोंदणी रद्द करण्यात आली. शासनाला नवी गाडी घेणे शक्य असते. तवसाळच्या आंबा बागायतदाराला किंवा वेलदूरच्या मासळी विक्रेत्याला तसे नसते. त्याच्याकडून वयाच्या नावाखाली शुल्क घेताना त्याची गाडी खरोखर तपासली जाते का, हा प्रश्न शासनाला विचारला गेला पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. परिवहन विभाग तालुक्यांच्या ठिकाणी शिबिरे घेतो. त्यांत पावसाळ्यापूर्वी जुन्या व्हॅनचे ब्रेक आणि तळ दंडाविना तपासून देण्याची सोय झाली, तर मालक स्वतःहून येतील. वेळणेश्वरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रशिक्षणार्थींची त्यास मदत घेता येईल. त्यातूनच एखादा तरुण मुंबईला जाण्याऐवजी शृंगारतळीत गॅरेज टाकण्याचा विचार करू शकेल. गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन छापील पावतीपुस्तक आणि मजुरीचा दरफलक लावण्याचे ठरवले, तर त्यांचाच धंदा वाढेल.

पावसाळी रात्री चिपळूणकडे निघालेल्या व्हॅनमध्ये रुग्ण असतो, तेव्हा तिच्या नोंदणीचे वर्ष कोणी विचारत नाही. त्या क्षणी ब्रेक लागतो की नाही, एवढेच महत्त्वाचे ठरते. ते मात्र कित्येक महिने आधी, एखाद्या गॅरेजमध्ये, मालक आणि मिस्त्री यांच्यात झालेल्या प्रामाणिक व्यवहाराने ठरलेले असते.